नूरचा वायरलेस आणि उषाताईंचा रेडिओ
(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘महायुद्ध आणि स्त्रिया’. हा विषय एवढा मोठा आहे की एका तासात त्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचता येणार नाही. ब्रिटनने डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुलींना सक्तीने युद्धकामात घेतलं. ब्लेचली पार्क, म्हणजे जिथे जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडले जात, तिथल्या कर्मचाऱ्यांत साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आपल्याकडेही १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघाली आणि हजारो मुली वर्दी घालून टेलिफोन, टायपिंग, सिग्नल अशी कामं करू लागल्या. ही सगळी यादी वाचून दाखवली तर तुम्हाला झोप येईल. म्हणून मी एकीचीच गोष्ट सांगणार आहे, आणि मध्येच दुसरीची. दोघींच्या हातात ट्रान्समीटर होता. मी इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनीअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, त्यामुळे माझं लक्ष यंत्राकडे जरा जास्त जातं. तेवढं सांभाळून घ्या.

नूर इनायत खान हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना व्हॉट्सॲपवरून माहीत असेल. ‘टिपू सुलतानची वंशज, हेर राजकन्या’ असा मजकूर आणि खाली एक काळापांढरा फोटो. टिपूचा धागा खानदानाच्या सांगण्यावरून येतो, तोही नूरच्या पणजीकडून. आपल्याला बाईची हिंमत कळायला आधी तिचा एखादा सुलतान पूर्वज का लागतो, हे मला कधी समजलेलं नाही. मला तिचे दुसरे पूर्वज जास्त जवळचे वाटतात. तिच्या वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे बडोद्याचे गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात जी गायनशाळा सुरू झाली, ती त्यांनी चालवली. हिंदुस्थानी संगीत कागदावर लिहिता यावं म्हणून स्वरलिपी तयार करण्याचं कामही त्यांनी केलं. म्हणजे सूर चिन्हांत बसवणारा माणूस तिच्या घरात आधीच होऊन गेला होता. नूरचे वडील हजरत इनायत खान १८८२ मध्ये याच घरात, बडोद्यात जन्मले. पुढे सूफी विचार आणि वीणा घेऊन ते पश्चिमेकडे गेले. तिथे ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी त्यांचा निकाह झाला आणि ती अमीना बेगम झाली. त्यांची थोरली मुलगी नूर १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत जन्मली.

वाढली ती फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या सुरेन गावात. घराचं नाव फजल मंजिल. १९२७ मध्ये वडील दिल्लीत वारले. त्यांची मजार निजामुद्दीन वस्तीत आहे, कधी गेलात तर जरूर पाहा. नूर तेव्हा तेरा वर्षांची होती. आई दुःखाने कोलमडून गेली आणि धाकट्या तीन भावंडांचं घर या मुलीने सांभाळलं. तुमच्यापैकी काही थोरल्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे ती सोरबोनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, हार्प वाजवायला शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. १९३९ मध्ये लंडनहून तिचं पुस्तक आलं, ते जातककथांचं. बौद्धांच्या गोष्टी, एका मुसलमान मुलीने, पाश्चात्त्य मुलांसाठी इंग्रजीत सांगितलेल्या. ‘ती खरी मुसलमान होती का’ असा प्रश्न आपल्याच लोकांकडून मी ऐकला आहे. सूफी वडील, अमेरिकन आई, जातककथा, वर्दी. त्यांचं मोजमाप जुळत नाही. मला त्या मोजपट्टीतच रस नाही. तिच्या घरात दुआ होती, संगीत होतं आणि कोणाचाही जीव घेऊ नये ही शिकवण होती. तिचं मोठं झालेलं मन या तिन्हींतून आलं.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. कुटुंब बोर्दोमार्गे इंग्लंडला पळालं. नूर आणि तिचा भाऊ विलायत यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: अहिंसा मानायची, तर समोर चाललेल्या संहारापासून हात झटकून बसायचं का? दोघांनी ठरवलं की धोक्याचं काम करायचं, पण शक्यतो मारण्याचं नाही. विलायत पुढे नौदलात सुरुंग काढण्याच्या कामावर गेला. नूर नोव्हेंबर १९४० मध्ये हवाई दलाच्या स्त्री शाखेत भरती झाली आणि तिला वायरलेस ऑपरेटरचं शिक्षण मिळालं.

आता तो प्रश्न, जो मला वाटतं इथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असेल. इंग्रजांसाठी का? त्याच काळात इकडे ‘चले जाव’ म्हटल्याबद्दल हजारो लोक तुरुंगात होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली आणि दिल्ली-लंडनचं सरकार वेळेवर हललं नाही. नूरला हा प्रश्न अधिकाऱ्यांनीच विचारला. १९४२ मध्ये अधिकारीपदासाठी तिची मुलाखत झाली, तेव्हा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल तुझं मत काय, असं तिला विचारलं गेलं. तिच्या चरित्रकारांनी नोंदवलंय की तिने सरळ सांगितलं: युद्ध चालू आहे तोवर मी तुमच्याबरोबर आहे, पण युद्धानंतर मला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहावंसं वाटेल. नोकरी मागायला आलेली मुलगी, समोर साम्राज्याचे अधिकारी, आणि उत्तर हे. बाहेर पडल्यावर तिला वाटलं, आता आपली निवड होत नाही.

मी हे सांगते त्यामागे कारण आहे. आपल्याकडे वफादारीचा दाखला सतत मागितला जातो. घर भाड्याने घेताना, क्रिकेटची मॅच असताना, कुठे स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. आणि मग आपणही घाईघाईने दाखले शोधतो: हे बघा अब्दुल हमीद, हे बघा कलाम, ही बघा नूर. नूरचा फोटो असा दाखला म्हणून फिरवलेला मला आवडत नाही, कारण तिने स्वतः तसा दाखला द्यायला नकार दिला होता. समोरच्याला हवं ते उत्तर तिला ठाऊक होतं. तिने तिचं उत्तर दिलं.

आता यंत्राकडे येऊ.

स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह नावाची एक गुप्त संस्था होती. शत्रूने व्यापलेल्या देशांत घातपात घडवायचा आणि स्थानिक प्रतिकाराला हत्यारं पुरवायची, हे तिचं काम. तिच्यात तीन हजारांवर स्त्रिया होत्या. त्यांतल्या सुमारे चाळीस फ्रान्सच्या आत पाठवल्या गेल्या. सैन्याच्या स्त्री शाखांना हत्यार चालवायची परवानगी नव्हती, म्हणून अशा बऱ्याच मुलींना फर्स्ट एड नर्सिंग योमनरी या नागरी संस्थेच्या कागदोपत्री दाखल करून घेत. नियम मोडायचा नाही, नियमाच्या बाजूने वाट काढायची. नूरला फ्रेंच मातृभाषेसारखी येत होती आणि वायरलेस येत होता. दोन्ही एकत्र असलेली माणसं दुर्मीळ. प्रशिक्षकांचे तिच्याबद्दलचे शेरे फारसे चांगले नव्हते: भोळी, स्वप्नाळू, खोटं बोलायला न येणारी. तरी गरज एवढी होती की तिला पाठवलं. १६ जून १९४३ च्या रात्री एका छोट्या लायसँडर विमानाने तिला अँजे शहराजवळच्या शेतात उतरवलं. सांकेतिक नाव ‘मॅडेलिन’. त्या संस्थेने फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर. आईला तिने आफ्रिकेत बदली झाली असं सांगितलं होतं.

वायरलेस ऑपरेटरचं काम समजून घ्या. सुटकेसमध्ये बसवलेला सेट, वजन तेरा-चौदा किलो. त्याला वीसेक मीटर लांबीची तार ॲन्टेना म्हणून कुठेतरी पसरावी लागते. त्यावर मोर्सची टकटक. ही टकटक लंडनला ऐकू जाते तशी जर्मनांनाही जाते. त्यांची दूरवरची स्थिर केंद्रं सिग्नल कोणत्या दिशेने येतोय ते मोजायची. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मिळाली की नकाशावर रेषा ओढायच्या, जिथे छेदतात तो भाग पक्का. मग त्या भागात गाड्या फिरायच्या, आत फिरता ॲन्टेना. शेवटच्या गल्लीत कोटाखाली रिसीव्हर लपवलेला माणूस पायी. म्हणून एका जागेवरून वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, हा नियम. १९४३ मध्ये पॅरिसमधला ऑपरेटर साधारण सहा आठवडे टिकतो, असं धरलं जायचं.

नूर उतरली त्यानंतर आठवडाभरात तिचं अख्खं जाळं कोसळलं. प्रमुख फ्रान्सिस सटिल २४ जूनला पकडला गेला, मागोमाग कितीतरी जण. लंडनने तिला परत यायला सांगितलं. ती म्हणाली, पॅरिसशी संपर्क ठेवणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, मी थांबते. आणि ती थांबली, जवळजवळ साडेतीन महिने. रोज घर बदल, केसांचा रंग बदल, सुटकेस घेऊन सायकलवर किंवा मेट्रोत. असं सांगतात की एकदा मेट्रोत दोन जर्मन सैनिकांनी पेटीत काय आहे विचारलं, तेव्हा तिने पेटी किलकिली करून दाखवली आणि सिनेमाचं यंत्र आहे म्हणाली. त्यांना ‘माहीत नाही’ असं कबूल करायची लाज वाटली. जिला खोटं बोलता येत नाही असा शेरा होता, तीच ही.

इथे मी तुम्हाला मुंबईला घेऊन जाते, कारण हाच लपंडाव एक वर्ष आधी गिरगाव-चौपाटीच्या आसपास चालला होता. उषा मेहता, वय २२, विद्यार्थिनी. ऑगस्ट १९४२ मध्ये सगळे नेते आत गेल्यावर तिने आणि तिच्या मित्रांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. ४२.३४ मीटरवर, ‘भारतात कुठूनतरी’ एवढाच पत्ता सांगून. वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती ते हा रेडिओ सांगायचा. मागे पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या, म्हणून ट्रान्समीटर या फ्लॅटमधून त्या फ्लॅटमध्ये. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. उषाताईंनी चौकशीत तोंड उघडलं नाही. चार वर्षांची सजा झाली, येरवड्याला राहिल्या, १९४६ मध्ये सुटल्या. त्यांच्यावर आता सिनेमाही आला आहे.

म्हणजे बघा, एका रेडिओवालीला इंग्रज सरकार गाड्या लावून शोधत होतं आणि दुसरीला तेच सरकार विमानाने पाठवत होतं. नूर १९४३ च्या ऑक्टोबरच्या मध्याला पॅरिसमध्ये पकडली गेली. त्याच महिन्यात, २२ तारखेला, सिंगापूरला डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या झाशीची राणी पलटणीचा तळ सुरू झाला, आणि ती पलटण जपानच्या, म्हणजे जर्मनीच्या मित्राच्या बाजूने उभी होती. कोण बरोबर, कोण चूक, हे शाळेतल्या जोड्या लावा प्रश्नासारखं सोडवता येत नाही. मला विचाराल तर नाझींच्या विजयात हिंदुस्थानचं भलं होतं असं मला वाटत नाही, आणि साम्राज्य टिकण्यातही नव्हतं. नूरने मुलाखतीत जवळजवळ हेच सांगितलं होतं.

आणखी एक साम्य आहे. दोघीही यंत्रामुळे सापडल्या नाहीत. मुंबईत त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना माग लागला. पॅरिसमध्ये नूरचा पत्ता कोणीतरी पैशासाठी विकला, असं मानलं जातं.

पण नूरच्या बाबतीत गोष्ट तिथे संपली नाही, आणि हा भाग व्हॉट्सॲपच्या मजकुरात नसतो. तिच्या खोलीत जर्मनांना एक वही सापडली. पाठवलेले सगळे संदेश, संकेतासह, तिने नीट लिहून ठेवले होते. असं का केलं? एक खुलासा असा देतात की तिला दिलेल्या लेखी सूचनेत संदेशांच्या ‘फायलिंग’बाबत काळजी घ्या असं म्हटलं होतं. इंग्रजी पत्रकारांच्या भाषेत फाइल करणं म्हणजे पाठवणं. तिने त्याचा सरळ अर्थ घेतला, की फाइल करून ठेवायचं. ज्यांनी कधी अर्धवट लिहिलेली तांत्रिक सूचना वाचून काम केलंय, त्यांना हे पटेल.

ती वही आणि सेट हातात आल्यावर जर्मनांनी नूरच्या नावाने लंडनशी बोलायला सुरुवात केली. आता हे ओळखायचे उपाय होते. प्रत्येक ऑपरेटरने संदेशात ठरावीक जागी मुद्दाम एक चूक करायची. चूक नसेल तर समजायचं की माणूस पकडला गेलाय. याच जाळ्यातला दुसरा ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेला तेव्हा त्याच्या नावाच्या संदेशात खरी खूण नव्हती. लंडनने काय केलं? उलट त्यालाच झापलं, खूण विसरलास, पुढच्या वेळी लक्ष ठेव! समोर जर्मन वाचत होते. संकेत विभागाचा तरुण प्रमुख लिओ मार्क्स याने आठवणींत लिहिलंय की नूरला खोटं बोलणं जड जातं हे पाहून त्याने तिच्यासाठी वेगळी खूण ठरवली होती. संदेश ज्या शब्दांच्या किल्लीने उलटापालटा करायचा, ती किल्ली कधीही अठरा अक्षरांची घ्यायची नाही. घेतली, तर मी पकडली गेले असा अर्थ. तसा संदेश आला, असं तो सांगतो. त्याने वर कळवलं. वरच्यांनी विश्वास ठेवला नाही.

आमच्या कामात रात्री-बेरात्री अलर्ट येतो. सिस्टिम ओरडून सांगते की काहीतरी बिघडलंय, आणि कोणीतरी म्हणतं, असू दे, हा अलर्ट नेहमीच वाजतो. हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. आमच्याकडे फार तर सर्व्हर बंद पडतो. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस, नूरच्या नावाने ठरलेल्या जागी, पॅराशूटने काही जण उतरले. खाली गेस्टापो उभी होती. उतरणाऱ्यांत मॅडेलिन डॅमरमाँ नावाची एक फ्रेंच मुलगी होती. नूरला निव्वळ शहीद म्हणून मिरवणारे हे सांगत नाहीत आणि तिला बावळट ठरवणारे फक्त वहीचंच सांगतात. वही ही चूक होतीच. पण वही सापडूनही उपयोग होऊ नये म्हणूनच तर खुणा होत्या, आणि त्या वाचायचं काम लंडनमध्ये बसलेल्यांचं होतं.

नूरने चौकशीत काही सांगितलं नाही. पकडल्याबरोबर न्हाणीघराच्या खिडकीतून छतावर गेली, पकडली गेली. नोव्हेंबरमध्ये दोन कैद्यांबरोबर पुन्हा छतावरून पळाली, नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, मोजणी झाली आणि पुन्हा सापडली. यापुढे पळणार नाही असं लिहून दे म्हणाले. नाही दिलं. मग जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात, एकांतात, हातापायांत बेड्या, दहा महिने. जेवणाच्या भांड्याच्या बुडावर ओरखडून तिने शेजारच्या फ्रेंच कैदी बायकांना आपला पत्ता कळवला. नाव लिहिलं नोरा बेकर, आईकडचं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ छळछावणीत तिला गोळी घातली. वय ३०. तिच्याबरोबर आणखी तिघी होत्या: योलांद बीकमन, एलियान प्ल्युमन, आणि तीच मॅडेलिन डॅमरमाँ.

१९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा पुतळा उभा राहिला, २०२० मध्ये टॅव्हिटन स्ट्रीटवरच्या तिच्या घरावर निळी पाटी लागली. बडोद्याला कोणी गेलात तर मौलाबक्षांच्या गायनशाळेतून वाढलेलं संगीत महाविद्यालय बघून या.

आता शेवटचं, आणि मग प्रश्न घेऊ. नूर पकडली गेल्यावर खुणांव्यतिरिक्त आणखी एक इशारा लंडनला मिळाला होता. मॅडेलिनला ‘अपघात’ झाला आहे, असा निरोप स्वित्झर्लंडमधल्या बर्नमार्गे आला. पाठवणारी ‘सोनिया’. ही कोण, हे लंडनमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून निरोप बाजूला पडला. ती सोनिया ओल्शानेत्स्की, पॅरिसमध्येच कामाला लागलेली ज्यू तरुणी. लंडनहून आलेली नव्हती, म्हणून यादीत नव्हती. पुढे तीही पकडली गेली आणि ६ जुलै १९४४ ला नात्सवायलर छावणीत इतर तिघींबरोबर तिला मारलं. वय वीस. युद्धानंतर शोध घेणाऱ्यांना वाटलं, त्या चौघींतली ओळख न पटलेली बाई म्हणजे नूरच. नूर तिथे नव्हती, डाखाऊला होती, हे कळायला १९४७ उजाडलं. तोवर सोनियाचं मरण नूरच्या नावावर जमा होतं.

विचारा आता.